साक्षरतेचा प्रश्न : सहीच्या पुढे

भारताच्या जनगणनेत सात वर्षांवरील ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येते, ती साक्षर धरली जाते. त्यासाठी शाळेत गेलेले असण्याची किंवा एखादी परीक्षा दिलेली असण्याची अट नाही. १९५१ मध्ये देशाचे साक्षरतेचे प्रमाण १८.३३ टक्के होते, ते २०११ मध्ये ७२.९८ टक्क्यांवर आले. २०११ च्याच गणनेत महाराष्ट्राचा आकडा ८२.३४ टक्के आहे, पुरुष ८८.३८ आणि स्त्रिया ७५.८७. मुंबई उपनगर जिल्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे, तर नंदुरबार ६४.३८ टक्क्यांवर अडकलेला आहे. एकाच राज्यात, एकाच शिक्षण खात्याच्या कारभारात पंचवीस टक्क्यांचे अंतर पडावे, यातच या प्रश्नाचा बराचसा भाग येतो.

हे आकडे गोळा कसे होतात, हेही लक्षात ठेवायला हवे. प्रगणक घरोघर जातो, कुटुंबातला जो कोणी समोर असेल त्याला विचारतो आणि सांगितलेले उत्तर नोंदवतो. कोणापुढे पुस्तक धरले जात नाही, की कोणाकडून दोन ओळी लिहून घेतल्या जात नाहीत. चार अक्षरे गिरवून सही ठोकता येणारी आजी आणि रोज वर्तमानपत्र वाचणारा नातू या मोजणीत एकाच रकान्यात बसतात. साक्षरतेची टक्केवारी म्हणूनच वरची मर्यादा समजावी; खऱ्या वाचणाऱ्यांची संख्या तिच्याखाली कुठेतरी असते.

कागदाची सत्ता

निरक्षरतेची किंमत काय पडते, याचा सर्वांत बोलका पुरावा महाराष्ट्रानेच एकोणिसाव्या शतकात दिला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला आणि पाहता पाहता हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पोहोचले. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे, की लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे, गहाणखते, खातेवह्या बाहेर काढून जाळण्यात आल्या. त्या कागदांवर कर्जदाराची सही नव्हती. कुणब्याची निशाणी नांगर, बाईची निशाणी बांगडी. खाली दोन साक्षीदार आणि वर सावकाराच्या कारकुनाने लिहिलेला मजकूर. आपण काय कबूल केले हे कर्जदाराला कळायचे ते थेट कोर्टाचा हुकूम घेऊन बेलिफ दारात आल्यावर.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. शेतकऱ्याचा दस्त गावनोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिला जावा आणि मजकूर त्याला समजावून सांगितला जावा, अशी तरतूद त्यात होती. म्हणजे शेतकऱ्याला वाचता येत नाही हे राज्यकर्त्यांनी मान्य केले, पण त्यावर उपाय म्हणून त्याला आणखी एक वाचणारा माणूस नेमून दिला. जोतीराव फुले यांनी तीनच वर्षांनी, १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढे, नेमकी उलट दिशा दाखवली. शेतसारा रयतेकडून यायचा आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर व्हायचा, हा उफराटा हिशेब त्यांनी मांडला आणि बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. ही मागणी करणारा माणूस केवळ निवेदन लिहिणारा नव्हता. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा आणि १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा त्यांनी आणि सावित्रीबाईंनी चालवून दाखवली होती. याच शाळांतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. अक्षर हाती आल्याबरोबर या मुलीने पहिली गोष्ट केली ती जाब विचारण्याची. सही शिकवणे आणि साक्षर करणे यांतला फरक समजून घ्यायला एवढे एक उदाहरण पुरे आहे.

कागदाची ही सत्ता आजही ओसरलेली नाही, तिची रूपे तेवढी बदलली. वडिलांच्या पश्चात बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेतले जाते. त्यावर अंगठा उठवणाऱ्या कितीतरी बायकांना आपण जमिनीतला वाटा सोडतो आहोत हे नीट सांगितलेले नसते. सात-बाराच्या उताऱ्यातली नोंद, पीकविम्याचा अर्ज, बँकेच्या पासबुकातली कपात, औषधाच्या पाकिटावरची मुदत या साऱ्या ठिकाणी न वाचणाऱ्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. दुसरा प्रामाणिक असेल तर काम होते, नसेल तर फसवणूक. हे परावलंबन पैशापुरते नसते. मुलाने लिहिलेली चिठ्ठी शेजाऱ्याकडून वाचून घ्यावी लागली, की घरातली गोष्ट घरात राहत नाही.

आरोग्य, पंचायत आणि एक गैरसमज

साक्षरतेचे फायदे सांगताना आईच्या शिक्षणाचा उल्लेख नेहमी होतो, आणि तो योग्यच आहे. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी १९७९ मध्ये नायजेरियातल्या पाहणीवरून दाखवले, की आईचे शिक्षण आणि मुलांचे जगणे यांचे नाते घरच्या मिळकतीतून पुरते उलगडत नाही. शिक्षणाचा स्वतःचा वाटा त्यात उरतोच. भारतातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांतही हेच चित्र पुन्हा पुन्हा दिसते : आई जितकी शिकलेली, तितके बालमृत्यू कमी. शिकलेल्या बायका बहुधा बऱ्या परिस्थितीतल्याही असतात, त्यामुळे सगळे श्रेय अक्षराला देणे बरोबर नाही. तरी साखळीचे काही दुवे स्पष्ट दिसतात. लसीकरणाच्या कार्डावरची पुढची तारीख वाचता येणे, जलसंजीवनीच्या पुडीवरचे पाण्याचे प्रमाण समजणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दवाखान्यात डॉक्टरला उलट प्रश्न विचारण्याचे धाडस. या तिसऱ्या गोष्टीची नोंद कोणत्याही पाहणीच्या तक्त्यात धडपणे होत नाही.

पंचायतीतही तेच. ७३ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या आणि महाराष्ट्राने पुढे हे प्रमाण निम्म्यावर नेले. खुर्ची मिळाली, पण ठराव वाचता येत नसेल तर त्या खुर्चीमागे नवरा, दीर किंवा ग्रामसेवक उभा राहतो. बचत गटाचे तर सारे काम वहीवर चालते. ज्या गटात एकच बाई लिहिणारी असते, तिथे हिशेबाची सत्ताही हळूहळू तिच्याकडेच जाते आणि कुरबुरी तिथूनच सुरू होतात. मात्र यावरून निरक्षरांना निवडणुकीतूनच वगळावे, असा जो निष्कर्ष काही राज्यांनी काढला, तो उलटा न्याय आहे. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायत उमेदवारांना शिक्षणाची अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी वैध ठरवली. शाळा पुरवण्यात राज्य कमी पडले आणि दंड मात्र शाळेत न गेलेल्यांना झाला.

निरक्षर म्हणजे अडाणी, हा गैरसमज येथेच दूर ठेवला पाहिजे. वारकरी परंपरेने कित्येक पिढ्यांना ओव्या-अभंग कानांनी शिकवले. बाजारात तोंडी हिशेब करणाऱ्या भाजीवालीला पदवीधर गिऱ्हाईक फसवू शकत नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते, हे तर साक्षरतेच्या विरोधातला दाखला म्हणून मोठ्या हौसेने सांगितले जाते. पण त्यांची कविता आज आपल्या हाती आहे, ती मुलगा सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी ती उतरवून घेतली म्हणून. १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह तिचा संग्रह निघाला. ज्यांच्या घरात लिहून घेणारे कोणी नव्हते, अशा किती बहिणाबाई जात्यावरच विरून गेल्या असतील, हा प्रश्न त्या दाखल्यातच दडलेला आहे.

संस्थाने पुढे, साम्राज्य मागे

सक्तीच्या शिक्षणाचा पहिला मोठा प्रयोग एका मराठी राजाने गुजरातेत केला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केले. त्यांची दृष्टी शाळेपाशी थांबली नाही. शिकलेल्या माणसाला वाचायला काही मिळाले नाही तर शिकलेले पुसले जाते, हे ओळखून त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून गावोगावी वाचनालयांचे जाळे उभारले. पुस्तकांच्या पेट्या गावांतून फिरवल्या. इतक्या नेमकेपणाने शाळा आणि वाचनालय यांची सांगड पुढे स्वतंत्र भारतातही फारशी घातली गेली नाही.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये आणलेले, अत्यंत सौम्य स्वरूपाचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोध केवळ सरकारी सभासदांचा नव्हता, जमीनदार वर्गातूनही तो होता. मजुरांची पोरे शिकली तर शेतावर कोण राबणार, ही धास्ती त्यामागे होती. मुंबई प्रांतात १९१८ चा विठ्ठलभाई पटेलांचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा आणि १९१९ मध्ये सुरू झालेली कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था, या दोन्हींमुळे वाट थोडी रुंद झाली. संविधानाच्या ४५ व्या कलमाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ती मुदत १९६० मध्ये संपली. शिक्षण मूलभूत हक्क व्हायला २००२ ची घटनादुरुस्ती लागली आणि तो अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. या पन्नास वर्षांच्या उशिरात ज्यांची शाळा हुकली, तेच आजचे प्रौढ निरक्षर आहेत.

मोहिमांचा इतिहास

प्रौढांसाठी महाराष्ट्राने केलेला सर्वांत स्वतःचा म्हणावा असा प्रयत्न म्हणजे ग्रामशिक्षण मोहीम. १९५९ मध्ये ती सातारा जिल्ह्यात सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत राज्यभर पसरली. तिचे एकक व्यक्ती नसून गाव होते. गावाने मिळून संकल्प करायचा, शाळेच्या गुरुजींनी आणि शिकलेल्या तरुणांनी वर्ग चालवायचे; पुरुषांचे रात्री, बायकांचे दुपारी कामे आटोपल्यावर. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ. गावाची अब्रू पणाला लागल्यामुळे उत्साह मोठा होता आणि खर्च नगण्य. समारंभानंतर मात्र वाचायला काय द्यायचे याची तजवीज फार कमी ठिकाणी झाली, आणि शिकलेले विसरणाऱ्यांचे प्रमाण वाढले. पुढच्या प्रत्येक मोहिमेने हीच चूक नव्याने केली, हे नमूद करावे लागते.

साठच्या दशकाच्या शेवटी युनेस्कोच्या प्रभावातून व्यवसायाशी जोडलेल्या साक्षरतेचा विचार पुढे आला. संकरित बियाणे आणि खते वापरणाऱ्या शेतकऱ्याला पाकिटावरची माहिती वाचता यावी, म्हणून किसान साक्षरतेचे वर्ग निघाले. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १५ ते ३५ वयोगटातल्या दहा कोटी लोकांना साक्षर करण्याचे त्याचे लक्ष्य होते. सरकार बदलले आणि त्याचा जोर ओसरला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेत जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांनी याच काळात शाळाबाह्य शिक्षणाचे जे काम केले, ते आकाराने लहान पण विचाराने भक्कम होते : शिकणाऱ्याच्या वेळेनुसार, त्याच्या गावातल्या विषयांवरून शिकवायचे.

५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशन स्थापन झाले आणि त्याला चेहरा दिला केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्याने. केरळ शास्त्र साहित्य परिषद, जिल्हा प्रशासन आणि वीस हजारांच्या आसपास स्वयंसेवक यांनी सुमारे वर्षभरात मोहीम पार पाडली आणि ४ फेब्रुवारी १९९० रोजी एर्नाकुलम देशातला पहिला संपूर्ण साक्षर जिल्हा जाहीर झाला. मग हा नमुना देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत गेला. कलापथके, मशालफेऱ्या, भिंतीवरची घोषवाक्ये हे सगळे महाराष्ट्रानेही त्या दशकात पाहिले.

या मोहिमांचे खरे फळ मात्र परीक्षेच्या निकालात नव्हते. आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात साक्षरतेच्या पाठ्यपुस्तकात दारूमुळे उद्ध्वस्त झालेल्या घराचा एक धडा होता. दुबगुंटा गावातल्या बायकांनी तो वाचला, त्यावर बोलल्या आणि १९९२ मध्ये गावातला दारूचा गुत्ता बंद पाडला. आंदोलन जिल्हाभर, मग राज्यभर पेटले. पुढच्या वर्षी राज्य सरकारला गावठी दारूवर बंदी घालावी लागली. तमिळनाडूच्या पुदुकोट्टईत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी साक्षरतेच्या वर्गांबरोबरच बायकांना सायकल शिकवण्याचा उपक्रम घेतला आणि खाणीत काम करणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या हजारो बायका सायकलवर दिसू लागल्या. वाचता येणे आणि कोणाला न विचारता घराबाहेर पडता येणे, या दोन गोष्टी त्यांना वेगळ्या वाटल्या नाहीत. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेअरी हेच सांगत होते, की अक्षर शिकवताना शिकणाऱ्याच्या जगण्यातले प्रश्न बाजूला ठेवता येत नाहीत. सरकारी पाठ्यपुस्तकांना हे पचणे जड गेले. नेल्लोरनंतरच्या कार्यक्रमांत असे धडे शोधूनही सापडणे मुश्कील झाले.

२००९ च्या ‘साक्षर भारत’ योजनेने स्त्रियांवर भर दिला. सध्याचा ‘उल्लास’ अर्थात नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी असून पंधरा वर्षांवरील पाच कोटी लोकांना शिकवण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठीची तरतूद १,०३७.९० कोटी रुपयांची. २०११ च्या गणनेनुसार या वयातल्या निरक्षरांची संख्या २५.७६ कोटी होती आणि त्यात १६.६८ कोटी स्त्रिया. पाच कोटींच्या लक्ष्यावरून माणशी हिशेब केला तर शिकणाऱ्याच्या वाट्याला दोनशे रुपयांच्या आसपास येतात. स्वयंसेवक फुकट राबतील या गृहीतावरच सारा डोलारा उभा आहे. महाराष्ट्रात हे काम शाळांमार्फत चालते. २०२३ मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणाच्या कामावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार घातला होता, तो शिक्षणाला विरोध म्हणून नव्हे. शिकवण्याखेरीजच्या कामांचे ओझे आधीच डोईजड झाले होते.

वर्गात काय घडते

मार्च २०२४ मध्ये राज्यभर झालेल्या ‘उल्लास’च्या पायाभूत साक्षरता चाचणीला चार लाखांहून अधिक प्रौढ बसले. चाचणी १५० गुणांची. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५०. दिवसभरात सोयीने कधीही येऊन पेपर द्यायची मुभा असते, त्यामुळे सकाळची भाकरी थापून आलेल्या बायका आणि दुपारी रोजगारावरून परतलेले पुरुष एकाच बाकावर दिसतात. काही केंद्रांवर सासू-सुना, काही ठिकाणी नवरा-बायको.

प्रौढाला शिकवणे हे मुलाला शिकवण्यापेक्षा सोपेही असते आणि अवघडही. भाषा त्याच्याकडे तयार असते; शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. म्हणून चांगले शिक्षक ‘अ’पासून सुरुवात न करता ‘घर’, ‘नळ’, ‘मका’ अशा रोजच्या, कानामात्रा नसलेल्या किंवा एखादाच काना असलेल्या शब्दांपासून सुरू करतात. शब्द फोडायचा, अक्षरे ओळखायची, त्याच अक्षरांतून नवा शब्द जुळवायचा. दोन-तीन आठवड्यांत गाडी रुळावर येते. अडते ती जोडाक्षरांपाशी आणि वेलांट्यांपाशी. ‘ग्रामपंचायत’ आणि ‘प्रमाणपत्र’ हे शब्द नेमके ज्या कागदांवर भेटतात तेच वाचायचे असतात, आणि तेच सर्वांत शेवटी वाचता येतात. खुरपे आणि कोयता धरून घट्टे पडलेल्या बोटांत पेन्सिल स्थिर राहत नाही. रेघ कागद फाडते. चाळिशी ओलांडलेल्यांना जवळचे धूसर दिसते आणि डोक्यात काही शिरत नाही असा समज करून ते वर्ग सोडतात. अशा वेळी उत्तम पाठ्यपुस्तकापेक्षा शंभर-दोनशे रुपयांचा चष्मा जास्त काम करतो. गणिताचे उलट असते. तोंडी हिशेब पक्का असतो, पण तो मांडायला शिकणे म्हणजे येणारी गोष्ट नव्याने शिकल्यासारखे वाटते आणि पुष्कळांना त्याचा कंटाळा येतो.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे येथे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी सुरू केलेली आजीबाईंची शाळा हे प्रौढांच्या वर्गाचे गाजलेले उदाहरण. साठी उलटलेल्या, काही नव्वदीकडे झुकलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी वर्गात येतात. पोथी आपली आपण वाचता यावी, ही त्यांची मुख्य इच्छा होती. प्रसारमाध्यमांनी या शाळेचे कौतुक केले ते गुलाबी लुगड्यांसाठी. खरे पाहता दाद द्यायला हवी ती वेळ आणि विषय आज्यांनी ठरवले याला.

जे अजून बाहेर आहेत

उरलेली निरक्षरता सगळीकडे सारखी पसरलेली नाही. ती ठरावीक ठिकाणी दाटलेली आहे. पहिले ठिकाण सातपुडा, मेळघाट आणि गडचिरोलीचे आदिवासी पट्टे. धडगाव-अक्कलकुव्यात घरची बोली पावरी किंवा भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी. कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातली, गोंडी द्राविडी. मराठीशी दोघींचे नाते नाही. या भागातल्या मुलाला आणि त्याच्या आईला अक्षर आणि भाषा अशा दोन्ही गोष्टी एकदम शिकाव्या लागतात, आणि मग ‘यांना शिक्षणाची आवड नाही’ असा शेरा मारला जातो. बोलीतून सुरुवात करून मराठीकडे नेणारी पुस्तके काही शिक्षकांनी आणि संस्थांनी तयार केली आहेत, पण धोरण म्हणून हा मार्ग राज्याने मनापासून धरलेला नाही.

दुसरे ठिकाण स्थलांतर. दसरा-दिवाळीनंतर बीड, नगर, जालना भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यांच्या परिसरात राहतात. शाळेचे निम्मे वर्ष कोपीवर, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपडीत जाते. मोठी मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळायला सोबत न्यावी लागते आणि तिची शाळा सुटते. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे हे उपाय कागदावर चांगले आहेत आणि काही गावांत नीट चाललेही; पण अनुदान उशिरा येते आणि तोपर्यंत टोळी निघून गेलेली असते. वीटभट्टी आणि बांधकामावरच्या मजुरांची मुले तर कोणत्याच जिल्ह्याच्या हिशेबात धड येत नाहीत.

तिसरे ठिकाण खुद्द शाळेच्या आत आहे, आणि तेच सर्वांत काळजीचे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत मुलापुढे दुसरीच्या पातळीचा उतारा प्रत्यक्ष ठेवला जातो. देशाच्या ग्रामीण भागात २०१८ मध्ये पाचवीतली जेमतेम निम्मी मुले तो वाचू शकत होती. कोरोनाकाळातल्या बंद शाळांनंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास घसरले. ही मुले पटावर आहेत, वरच्या वर्गात ढकलली जातात आणि जनगणनेत साक्षर म्हणून मोजली जातील. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचा रोख तिसरीपर्यंत वाचन पक्के करण्यावर आहे, आणि तो अगदी योग्य ठिकाणी आहे. प्रौढ वर्ग कितीही काढले तरी दर वर्षी शाळेतून कच्चे वाचणारे बाहेर पडत राहिले, तर त्या वर्गांना अंत नाही.

शिकल्यानंतर

नवसाक्षराला वाचायला काय मिळते, हा प्रश्न मोहिमांनी सर्वांत कमी विचारला. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि अकरा-बारा हजार अनुदानित ग्रंथालये आहेत. अन्य राज्यांच्या तुलनेत ही पुंजी मोठी आहे. पण त्यांतली बहुसंख्य ‘क’ आणि ‘ड’ वर्गातली, तुटपुंज्या अनुदानावर संध्याकाळी दोन-तीन तास उघडणारी. त्यांच्या कपाटांत कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके असतात. मोठ्या टंकात, छोट्या वाक्यांत, मोठ्या माणसांच्या विषयांवर लिहिलेले काही शोधले तर हाती येत नाही. बालसाहित्य देऊन हे भागत नाही. साठ वर्षांच्या बाईला ससा-कासवाची गोष्ट वाचायला देणे हा तिचा अपमान आहे. तिला वारसाहक्काचे नियम, गुडघेदुखीवरचे उपाय, तालुक्याच्या बातम्या, पोथ्या आणि भावगीते हवी असतात. मराठी प्रकाशकांनी या वाचकाला कधी गिऱ्हाईक मानले नाही आणि सरकारने छापलेल्या पुस्तिका गोदामाबाहेर फारशा पडल्या नाहीत.

दरम्यान कागदाची जागा पडद्याने घेतली. रेशन दुकानात यंत्रावर बोट टेकवावे लागते, अनुदान थेट खात्यात जाते, २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना लाखो बायका अंगणवाडी सेविका आणि सेतू केंद्रांवर अवलंबून होत्या. मोबाइलमुळे निरक्षरांचे काही अडत नाही, बोलून आणि चित्रफिती पाहून काम भागते, असा एक युक्तिवाद अलीकडे ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. बोलून गाणे शोधता येते. पण खात्यातून पैसे गेल्याचा संदेश, ओटीपी कोणाला सांगू नये ही सूचना आणि ‘मी सहमत आहे’ या चौकोनावरचा मजकूर वाचावाच लागतो. १८७५ मधल्या कुणब्याने न वाचता नांगर काढला, आजचा नातू न वाचता तो चौकोन दाबतो, आणि नातू तर दहावी झालेला असतो.

२०२४ मध्ये केंद्र सरकारने ९५ टक्के साक्षरता म्हणजे पूर्ण साक्षरता, असे ठरवले. त्यानंतर लडाख, मिझोरम यांच्यामागोमाग गोव्याने ३० मे २०२५ रोजी, घटक राज्याच्या वर्धापनदिनी, पूर्ण साक्षर झाल्याचे जाहीर केले. गोव्याचे प्रमाण २०११ मध्येच ८८.७० टक्के होते, त्यामुळे त्याला हा टप्पा तुलनेने सोपा होता. महाराष्ट्राने तशी घोषणा करण्याची घाई करू नये. राज्यात पंधरा वर्षांवरील निरक्षर २०११ मध्ये दीड कोटीहून अधिक होते आणि त्यानंतरची मोजणी २०२७ च्या जनगणनेतच होणार आहे. तोवर करण्याजोगे काम ठरलेले आहे : नंदुरबारला आणि ऊसतोडीच्या गावांना राज्याच्या सरासरीतून वेगळे काढून पैसा व शिक्षक देणे, तिसरीपर्यंतचे वाचन पक्के करणे, आणि गावच्या ग्रंथालयात नवसाक्षरांसाठी निदान एक कपाट राखणे. यांतल्या तिसऱ्या कामाला खर्च सर्वांत कमी आहे आणि आजवर त्याच्याकडेच सर्वांत कमी पाहिले गेले आहे.